एक तृतीयांश टक्का

नऊ विषय घेतले, सहा पुरे केले. टक्केवारी काढा.

६६.६७. शाळेत घोकलेलं गणित आहे, दोन भागिले तीन. तो आकडा ६७ला जाऊन भिडत नाही, एक तृतीयांश टक्का मागे राहतो. आजचं सदर त्या एक तृतीयांश टक्क्याबद्दल आहे, कारण तेवढ्यावरून अमेरिकेत एखाद्या गरीब मुलीचं कॉलेज सुटू शकतं आणि मला ते सहन होत नाही.

मुलगी कल्पनेतली आहे, नियम खरे आहेत. समजा ती एका सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. आई दुकानात तासाच्या पगारावर काम करते, वडील ट्रक चालवतात. कमाई बेताची, म्हणून तिला केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळते. हे पैसे फेडावे लागत नाहीत. २०२४-२५ साली वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर मिळत होते. शिवाय थोडं सरकारी कर्ज आणि कॉलेजच्या ग्रंथालयात वर्क-स्टडीचं, म्हणजे याच सरकारी मदतीतलं, काम. पहिल्या सेमिस्टरला तिनं चार विषय घेतले, प्रत्येकी तीन क्रेडिटचे. चारही पास. हुरूप आला, दुसऱ्या सेमिस्टरला पाच घेतले. मार्चमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई कामावर गेली नाही तर घरभाडं निघत नाही, म्हणून आठवड्यातले तीन दिवस ही घरी. तीन विषय तिनं सोडले, दोन नेटानं धरून ठेवले आणि त्या दोहोंत 'बी' मिळवला.

सोडलेल्या विषयापुढे गुणपत्रकात 'डब्ल्यू' लागतो. डब्ल्यू म्हणजे नापास नव्हे. सरासरी ग्रेड काढताना तो धरतही नाहीत. मदतीच्या हिशेबात मात्र धरतात. घेतलेले क्रेडिट २७, पुरे केलेले १८. वर्ष संपल्यावर फायनान्शियल एड ऑफिसातला संगणक हा भागाकार करतो. कॉलेजच्या नियमपुस्तकात लिहिलेलं असतं, किमान ६७ टक्के. ग्रँट बंद. कर्ज बंद. ग्रंथालयातलं काम बंद. विद्यापीठ तिला काढून टाकत नाही, तिची जागा शाबूत असते, ग्रेडही चांगली असते. फक्त पुढची फी तिची तिनं भरायची.

या नियमाचं नाव 'सॅटिस्फॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस'. बोलताना नुसतं 'सॅप'. आपण समाधानकारक प्रगती म्हणू. ती तीन ठिकाणी मोजतात. एक ग्रेड: चारपैकी दोन, म्हणजे 'सी', ही नेहमीची किमान पातळी. दुसरा वेग, तो वर पाहिला. तिसरी एकूण मुदत: पदवी जेवढ्या क्रेडिटची, त्याच्या दीडपट क्रेडिट घेईपर्यंतच मदत. १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८०ला मदत थांबते.

आता ६७ कुठून आला ते पाहा. १८० क्रेडिटच्या आत १२० पुरे करायचे तर दर तिनांत दोन पुरे व्हायला हवेत. म्हणजे दोन तृतीयांश. केंद्राच्या नियमात ६७ हा आकडा नाही. दीडपट मुदतीत पदवी पुरी होईल असा वेग ठेवा, एवढंच तो नियम सांगतो. दशांश अपूर्णांक नकोत म्हणून कुणीतरी ऑफिसात बसून आकडा वर ढकलला. काही कॉलेजं नीट ६६.६७ लिहितात. काही कॉलेजं पूर्णांकात धरू असं स्पष्ट सांगतात, म्हणजे आपली मुलगी वाचते. काही नुसतं ६७ लिहून मोकळी होतात. त्या शेवटच्या कॉलेजांना माझं सांगणं आहे की तुम्ही हा नियम कायद्याहून कडक केलाय, आणि तो कुणा विद्यापरिषदेत विचार करून केलेला नाही, तर लिहायला सोपं जावं म्हणून केलाय. दुरुस्तीला एक ओळ लागते. या उन्हाळ्यात करा.

बरं, वर्षातून एकदाच तपासणारी कॉलेजं आणि दर सेमिस्टरला तपासणारी कॉलेजं यांतही फरक आहे. दर सेमिस्टरला तपासणाऱ्या कॉलेजाला 'वॉर्निंग' देण्याची मुभा आहे. म्हणजे मुलगा घसरला तरी पुढच्या एका सेमिस्टरपुरती मदत आपोआप चालू राहते. त्यासाठी अर्ज, पुरावा, समिती काही लागत नाही. वर्षातून एकदाच तपासणाऱ्या कॉलेजाला ती मुभा नाही. तिथे पहिली सूचना येते ती थेट मदत बंद झाल्याची. दोन मुली, दोघींची गुणपत्रकं अक्षरशः सारखी. एकीला सप्टेंबरात फी भरलेली सापडते, दुसरीला बिल. फरक कशामुळे? एड ऑफिस वर्षातून किती वेळा संगणक चालवतं त्यामुळे.

बंद झालेली मदत परत मिळवायची तर अपील करावं लागतं. केंद्राचा नियम कारणं सांगतो: जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचं आजारपण किंवा दुखापत, किंवा अन्य विशेष परिस्थिती. अर्जात दोन गोष्टी लिहायच्या. का घसरलात, आणि आता काय बदललंय ज्यामुळे पुढे घसरणार नाही. हा दुसरा प्रश्न मला छळतो. अर्धांग झालेला बाप सप्टेंबरपर्यंत हिंडूफिरू लागेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. एकोणीस वर्षांच्या पोरीनं ते समितीला लिहून द्यायचं. खरं लिहिलं, की काही बदललेलं नाही, तर अर्ज कच्चा पडतो. मग ती काहीतरी लिहिते. मावशी राहायला येणार आहे, असं लिहिते. कुणाची ना कुणाची मावशी सगळ्या अर्जांमधून येत असणार.

त्याहून वाईट म्हणजे अपिलाची सोय ठेवायलाच हवी, असं केंद्राचा नियम म्हणत नाही. कॉलेजनं ठेवली तर ठेवली. बहुतेक ठेवतात, हे त्यांच्या माणुसकीला धरून आहे. पण समितीनं नाही म्हटलं की वर दाद मागायला जागा नाही. वॉशिंग्टनचं शिक्षण खातं कॉलेजचा निर्णय फिरवत नाही. पैसा केंद्राचा, नियम केंद्राचा, आणि शेवटचा शब्द तळमजल्यावरच्या तीन-चार माणसांचा. त्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. ऑगस्टात त्यांच्यापुढे अर्जांचा ढीग पडतो, आणि त्यातले कितीतरी मृत्यूचे दाखले जोडून आलेले असतात. तक्रार नियम करणाऱ्यांबद्दल आहे. गरिबाच्या हातातून पैसा काढून घ्यायचा अधिकार तुम्ही लिहून ठेवलात, त्यावर दाद मागायचा हक्क लिहायला मात्र विसरलात.

ज्या कायद्याच्या पोटात हा नियम राहतो त्याचा जन्म आठवा. ८ नोव्हेंबर १९६५. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली ती टेक्सासातल्या सॅन मार्कोस गावी, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले तिथे जाऊन. तिथेच का? कारण त्याच कॉलेजात असताना पैसे संपले म्हणून १९२८ साली त्यांना शिक्षण मधेच थांबवावं लागलं होतं. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या कोटुला गावात त्यांनी मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकवायची नोकरी केली, पैसे साठवले, परत आले आणि १९३० साली पदवी घेतली. म्हणजे हा कायदा ज्यानं आणला तो माणूस स्वतः वाटेत थांबलेला विद्यार्थी होता. समाधानकारक प्रगतीची अट कायद्यात आली ती पुढे, १९७६च्या दुरुस्तीनं. 'सी' ग्रेडचा दंडक १९८६ साली. वॉर्निंग आणि अपिलाची आजची चौकट जुलै २०११पासूनची.

अट आणणाऱ्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. पैसा लोकांच्या करातून येतो. वर्गात न फिरकणाऱ्याला तो वर्षानुवर्षं देत राहणं बरोबर नाही. शिवाय मदतीत कर्जही असतं. पदवी न मिळता कर्ज वाढत जाणं हे त्या मुलाचंच नुकसान आहे. वेळीच कुणीतरी हात धरून थांबवलेलं बरं, असं म्हणणारे प्राध्यापक प्रामाणिकपणे म्हणतात. मला ते पटतं. म्हणूनच या अटीनं प्रत्यक्षात काय होतं ते तपासलेलं असावं असं वाटतं, आणि ते तपासलं गेलंय. जुडिथ स्कॉट-क्लेटन आणि लॉरेन शुडी या दोन संशोधकांनी २०१६ साली कम्युनिटी कॉलेजांमधल्या मुलांच्या नोंदी घेऊन अभ्यास मांडला. अटीत नापास झाल्यावर जी मुलं टिकून राहिली त्यांच्या ग्रेड सुधारल्या. पण बऱ्याच जणांनी कॉलेज सोडलं, आणि तीन वर्षांनी पाहिलं तर नुकसानीचं पारडं जड दिसत होतं. सरकारचे पैसे जास्त काटेकोरपणे खर्च झाले, हेही त्यांनी लिहिलंय. पण त्यांचं एक निरीक्षण मी वहीत उतरवून ठेवलंय: अभ्यासात तेवढ्याच मागे पडलेल्या दोन मुलांपैकी गरीब मूल आधी बाहेर फेकलं जातं, खातंपितं मूल टिकून राहतं.

हे उघड आहे, कारण खात्यापित्या घरच्या मुलाला ही अट लागूच होत नाही. त्याचेही तीन विषय सुटतात, त्याचेही वडील आजारी पडतात. त्याचं गुणपत्रक कुणी भागाकाराला लावत नाही. वेग फक्त मदत घेणाऱ्याचा मोजतात.

आणि हा हिशेब कधी पुसला जात नाही. समजा एखाद्यानं एकोणिसाव्या वर्षी कॉलेज अर्धवट सोडलं, चार-पाच 'एफ' पदरात पडले. गोदामात काम केलं, संसार केला, पस्तिसाव्या वर्षी त्याच कॉलेजात परत आला. पुष्कळ कॉलेजं अशा माणसाचे जुने एफ सरासरीतून वगळतात; त्याला तिकडे 'अकॅडमिक रिन्युअल' म्हणतात, आणि तो मोठ्या मनाचा रिवाज आहे. पण केंद्राच्या मदतीच्या नियमात अशा माफीला जागा नाही. तिथे ते जुने क्रेडिट घेतलेलेच धरतात. म्हणजे सोळा वर्षांनी धीर करून दारात आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं की तो अपात्र आहे. अपील कर, आणि एकोणिसाव्या वर्षी काय झालं होतं ते लिहून दे. मला त्या माणसाचा चेहरा दिसतो. दिवाळखोरीची नोंद अमेरिकेत जास्तीत जास्त दहा वर्षांनी पत-अहवालातून निघून जाते. बीजगणितातल्या एफला ती सवलत नाही.

इथून तिकडे व्हिसावर शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना केंद्राची ही मदत मिळत नाही, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या पालकांच्या कानावर सॅप सहसा येत नाही. पण न्यू जर्सीत, बे एरियात वाढलेल्या, तिथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मराठी घरांतली मुलं या मदतीचा अर्ज भरतात आणि याच अटीखाली येतात. सगळीच घरं सॉफ्टवेअरच्या पगारावर चालत नाहीत. नोकरी गेली, मोटेल बुडालं, आई एकटीनं संसार ओढतेय, हे तिथेही आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात मूल 'या सेमिस्टरला ब्रेक घेतलाय' म्हणालं, तर पुढचा प्रश्न जरा हळुवार विचारा.

मला हा विषय इतका का लागला, तेही सांगतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझा एक विषय राहिला होता. वडील सात आठवडे दवाखान्यात होते, मी रात्री तिथल्या बाकावर आणि दिवसा कॉलेजात. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसानं गुणपत्रक पाहिलं आणि फॉर्म परत सरकवला. त्यानं आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. पण 'काय झालं होतं?' असं त्यानं विचारलं नाही, आणि फॉर्मवरही ते लिहायला रकाना नव्हता. मेसच्या मावशींनी ते विचारलं. त्यांनी तीन महिने माझ्या नावापुढे पैसे मांडले, मागितले नाहीत.

आपल्याकडे निदान एका ठिकाणी तो रकाना होता, हे मला नंतर कळलं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची आहे. तिच्या जुन्या नियमावलीत एक सुंदर कलम होतं. आजारपणामुळे किंवा अकल्पित घटनेमुळे विद्यार्थी वार्षिक परीक्षेला बसू शकला नाही, तर वैद्यकीय दाखला घ्यावा, आणि हा विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर पास झाला असता, असं संस्थेच्या प्रमुखानं प्रमाणित करावं. शिष्यवृत्ती चालू राहील. या कलमासाठी प्राचार्याला त्या मुलाला ओळखावं लागतं. नाव, घर, वर्गात कुठे बसतो, काय येतं, काय येत नाही. वैद्यकीय-अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत पहिल्यांदा नापास झालेल्यालाही शिष्यवृत्ती पुढे देता येत असे. दुसऱ्यांदा नापास झाला तर वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याचा. कडक आहे, पण एकदा पडायला जागा आहे.

आता आपल्या केंद्र सरकारचीच दुसरी योजना घ्या. बारावीत वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या, बेताच्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये. चालू ठेवायला दरवर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती. आकडे अवाजवी नाहीत. पण मराठवाड्यातली एखादी मुलगी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे धाकट्या भावंडांना सांभाळत कॉलेज करते. तिची उपस्थिती ७१ टक्के भरली तर त्या चार टक्क्यांमध्ये काय आहे ते कुणी विचारावं, एवढं माझं मागणं आहे. पोर्टलवर ते विचारलं जात नाही. पोर्टल आकडा घेतं.

शिष्यवृत्ती आणि अमेरिका असा विषय निघाला की मराठी माणसाला एकच विद्यार्थी आठवतो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यू यॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एमए. १९१६ साली लंडन. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परत. मधली तीन वर्षं बडोद्याची नोकरी, मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पै-पै साठवणं. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं पैसे उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एमएस्सी १९२१, डीएस्सी १९२३. कोलंबियाची पीएचडी हातात पडली १९२७ साली, न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरल्यावर चौदा वर्षांनी.

त्यांचा वेग कमी पडला नव्हता. पैसा थांबला म्हणून अभ्यास थांबला. ते परत जाऊ शकले याचं एक कारण हे, की लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत येऊन काम पुरं करायची मुभा दिली होती. दार लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती. हे मी बाबासाहेबांशी कुणाची तुलना करायला सांगत नाही. वाटेत थांबलेल्या माणसाविषयी कुठलाही भागाकार काही सांगू शकत नाही, हे सांगायला सांगतोय.

मग करायचं काय? ६७च्या जागी ६६.६७ लिहायचं, हे आजच्या आज होण्यासारखं आहे. वॉर्निंगचं एक सेमिस्टर सगळ्यांनाच मिळावं, कॉलेज वर्षातून कितीदा तपासतं ते न पाहता. अपील हा हक्क म्हणून कायद्यात यावा. आणि 'आता काय बदललंय' हा प्रश्न त्या फॉर्मवरून काढून टाकावा. त्या जागी 'आम्ही काय करू शकतो' असं विचारता येईल. कोविडच्या काळात, २०२० साली, त्याच अमेरिकी संसदेनं साथीमुळे पुरे न झालेले क्रेडिट वेगाच्या हिशेबातून वगळायची परवानगी कॉलेजांना दिली होती. म्हणजे हे जमतं. संकट सगळ्यांवर एकदम आलं की नियम वाकतो. एकाच घरात आलेल्या संकटासाठीही तो वाकायला हवा.

आपल्या मुलीकडे परत येऊ. ती अपील न करताही पात्र होऊ शकते. नियमात ती वाट आहे. स्वतःच्या खर्चानं शिकायचं आणि टक्केवारी वर आणायची. किती विषय लागतील? मी हिशेब केला. एक. उन्हाळ्यात तीन क्रेडिटचा एकच विषय घेतला आणि पास झाली, की घेतलेले ३०, पुरे केलेले २१. सत्तर टक्के. त्या एका विषयाची फी जूनच्या आत भरायची आहे, आणि ग्रंथालयातलं काम तर मेमध्येच गेलं.